कोडी पडेपर्यंत कॉफी नाही

त्या वर्षी आमच्या घरात सहा महिने कॉफी चोरून प्यायली जात होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीच्या काचा वर करून, रेडिओ लावून, आत बसून प्यायचे. आई देवघराचं दार लोटून घ्यायची, आणि बाहेर आली की उदबत्तीच्या वासाखाली दुसराच वास दडलेला असायचा. मी सोळा वर्षांची होते. कॉलेजच्या वाटेवरच्या दर्शिनीत, म्हणजे बिनखुर्च्यांच्या हॉटेलात, उभ्या उभ्या एक कप घशाखाली घालायचा, वर दोन वेलदोडे चावायचे आणि घरी तोंड मिटून शिरायचं, असा माझा नेम होता. बेंगळुरूतल्या घरांतून लपवण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात, पण कॉफी लपवणारं घर अख्ख्या शहरात आमचं एकच असणार. आणि हे सगळं एका तळ्यापायी.

आधी अक्काविषयी सांगायला हवं. अक्का ही अण्णांची थोरली बहीण. नात्यानं माझी आत्या, पण तिला आत्या कधी कुणी म्हटलंच नाही. आम्ही, गल्ली, दूधवाला, देवळातला पुजारी, सगळ्यांची ती अक्का. लग्न झाल्यावर दोन वर्षांनी ती एक ट्रंक घेऊन परत आली होती. का आली, हे घरात बोलायची पद्धत नव्हती. कुणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणायची, "तिथली कॉफी चांगली नव्हती," आणि पुढे विचारायची कुणाची छाती व्हायची नाही. ती आली तेव्हा अण्णा नुकते नोकरीला लागले होते. त्यांनी घराच्या मागच्या अंगाला तिच्यासाठी एक खोली बांधली. गवंड्याला मदत म्हणून स्वतः विटा वाहिल्या, लाल ऑक्साइडची जमीन स्वतः घोटली, आणि किल्ली तिच्या हातात देऊन म्हणाले, "ही तुझी. इथनं तुला ऊठ म्हणणारा कुणी नाही." हे मला आईनं सांगितलेलं. अण्णा स्वतः असलं काही बोललेले कबूल करणारे नव्हेत.

त्या खोलीत कॉफीचा कारखाना होता. दर शनिवारी अक्का बिया भाजायची, पीबेरी किती नि प्लँटेशन किती याचं तिचं एक गणित होतं, आणि हाताच्या यंत्रात ती दळताना सगळं घर घर्र घर्र वाजायचं. कॉफीत मिसळायच्या चिक्कोरीचं नाव काढलं की ती शिवी ऐकल्यासारखं तोंड करायची. सकाळी साडेपाचला रुंद काठाच्या पितळी वाटीतून पहिला डबरा, साडेदहाला दुसरा, तीनला तिसरा, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर "स्वल्पच घेते" म्हणून चौथा. तिचा स्वभाव मुळात तापट. पण या चार डबऱ्यांच्या बळावर तो माणसांत राहण्याइतका ताब्यात असायचा.

गल्लीत तिच्याविषयी एक वाक्य होतं. तिच्या पाठीमागे म्हटलं जायचं आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. आमच्या घरामागे, महादेवपुऱ्याच्या अलीकडे, दोड्डम्मन केरे नावाचं तळं आहे. अक्का परत आली त्याच्या आदल्या पावसात ते शेवटचं भरलं होतं. नंतर कधी भरलंच नाही. बायका म्हणायच्या, "अक्का आली नि तळं आटलं." नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या पायगुणाविषयी बोलायला लोकांना तळंही पुरतं. अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण तळ्याच्या बांधावरून जाताना ती पाण्याकडे बघायची नाही, मान सरळ ठेवून चालायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

तसं बघण्यासारखं पाणी उरलंही नव्हतं. जलपर्णी, बांधकामाचा राडारोडा, फुटके कमोड, आणि मधोमध हिरवट डबकं. मग समोरच्या उंच इमारतीत लिमये राहायला आले. पुण्याचे, आयटीतले, चाळिशीचे, आणि रविवारी सकाळी स्वस्थ बसणं ज्यांना आजार वाटतो अशांपैकी. त्यांनी हातमोजे वाटले, हिरवे टी-शर्ट छापले, कुठल्याशा कंपन्यांकडून मदत मिळवली, आणि दोन वर्षांत गाळ उपसून, बांध नीट करून, फिरायला वाट करून तळ्याचं रूप पालटलं. आज त्या वाटेवर मी गुडघ्याला पट्टा बांधून चालते तेव्हा पुढे हसण्याचा क्लब खदखदत असतो, मागे दुर्बिणवाले "श्श" करत असतात, आणि मधून एखादा स्टार्टअपवाला धावत धावत फोनवर माणसं कामावरून काढत असतो. त्या वेळी हे सगळं नुकतं सुरू झालं होतं, आणि अण्णांना ते सहन होत नव्हतं. म्हणजे तळं साफ होणं नव्हे; कालपरवा आलेल्या माणसानं ते साफ करणं.

आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले, असं अण्णा पहिल्या भेटीत प्रत्येकाला सांगत. लिमयेंनाही सांगितलं. लिमये म्हणाले, "वा! आणि मराठी अजून टिकवलंत हो तुम्ही, थोडं वेगळं आहे, पण टिकवलंत." झालं. आम्ही 'थोडं'ला 'स्वल्प' म्हणतो, 'बरं'ला 'सरी' म्हणतो, त्यात अण्णांना काही वेगळं वाटत नव्हतं. वेगळा तो लिमये. पुढच्याच रविवारी अण्णा हातमोजे घालून हजर झाले, ते तळ्यापेक्षा पुण्यावर नजर ठेवायला.

तर, गाळ काढून झाला त्या उन्हाळ्यात बांधावरच्या पिंपळाखाली बैठक भरली. अक्कानं सगळ्यांसाठी मोठ्या बरणीतून कॉफी आणली होती. लिमयेंनी एक तक्ता उभा केला आणि म्हणाले, "अ‍ॅक्च्युअली, कॅचमेंट एरिया बघता या मॉन्सूनला लेक हंड्रेड परसेंट भरणार. कोडी पडणार." कोडी म्हणजे बांधाच्या टोकाला मुद्दाम बुटकी ठेवलेली दगडी जागा. तळं काठोकाठ भरलं की जास्तीचं पाणी तिथून खालच्या तळ्याकडे सांडतं. कोडी पडली म्हणजे तळं भरलं. मग बायका हळदकुंकू, बांगड्या, खण घातलेलं सूप पाण्यात सोडतात, त्याला बागिन म्हणतात. अण्णांना त्या दिवशी तळ्याच्या मंडळाचं अध्यक्ष करायचं ठरलं होतं आणि ऐन वेळी करण्यात आलं नव्हतं. ते मागून मोठ्यानं म्हणाले, "कागदावर पडेल कोडी! वीस वर्सं झाली, पडली काय? आमची अक्का कॉफी सोडेल एक वेळ, पण या केरेची कोडी पडायची नाही."

सगळे हसले. अक्काच्या हातात भरलेला डबरा होता, ओठांपर्यंत गेलेला. तिनं तो खाली ठेवला. "सोडली," ती म्हणाली.

"अय्यो, मी तसं नव्हे गे..."

"कोडी पडेपर्यंत सोडली." आणि ती तरातरा बांधावरच्या दोड्डम्माच्या घुमटीपाशी गेली, घंटा वाजवली, देवीला काय ते सांगून आली आणि रिकामी बरणी उचलून घरी निघून गेली. अण्णा तिच्या मागून "ऐक की, ऐक की" करत धावले. लिमयेंना वाटलं हे काहीतरी जुन्या मराठ्यांचं असतं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला आठवडा डोकेदुखीचा. अक्का कपाळाला फडकं बांधून बसायची आणि फडक्याखालून सगळ्यांना बघायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं चहा करून पाहिला, आणि त्याला जे काही म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या आठवड्यात दूधवाल्यानं दारापर्यंत यायचं सोडलं. पिशवी फाटकाला अडकवून पळायचा. आईची भाजी खारट, माझी वेणी वाकडी, अण्णांची बँकेतली नोकरी फुकटची, असे शोध रोज लागत होते. कॉफी प्यायला तिनं कुणालाच मना केलं नव्हतं. "तुम्ही प्या की, माझं काय," असं ती म्हणायची, पण अशा आवाजात की घोट गिळण्यापेक्षा गाडीत बसून पिणं परवडलं. शनिवारी यंत्राचं घर्र घर्र थांबलं, आणि ज्या आवाजाला आम्ही वर्षानुवर्षं वैतागलो होतो त्याच्यावाचून घर मुकं झालं. मला खरंच वाईट वाटायचं तिचं. तिला कोडी हवी होती ती कॉफीसाठी नव्हे, हे मला कळण्याइतकी मी मोठी झाले होते. तळं भरलं की ते वाक्य पुसलं जाणार होतं.

पाऊस आला, चांगला आला. आजूबाजूची तळी टम्म भरली. आमच्या तळ्यात गुडघाभर पाणी, त्यात एक बगळा, आणि काठावर लिमयेंनी आधीच लावलेली 'खोल पाणी, सावधान' अशी पाटी. बगळा त्या पाटीशेजारी उभा असायचा आणि पाणी त्याच्या गुडघ्याखाली. मंडळानं उत्साहाच्या भरात जलपर्णी काढायला एक वेताची गोल होडी घेतली होती. ती चालवायचा मान पूर्वजांच्या जोरावर अण्णांनी मागून घेतला. गोल होडीला पुढचं-मागचं नसतं. वल्हं एकाच बाजूला मारलं की ती जागच्या जागी गिरक्या घेते. अण्णांनी अकरा गिरक्या घेतल्या, मी मोजल्या. मग ते होडीतून उतरले आणि काठापर्यंत चालत आले. लिमये म्हणाले, "जाधवसाहेब, घोडाच बरा होता."

काठावर मुनियप्पा बसला होता, तोच तेवढा हसला नाही. मुनियप्पा म्हणजे आमच्या तळ्याचा नीरगंटी. तळ्याचं तोंड कधी उघडायचं, कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं, हे पाहणारं हे पिढीजात काम; शेतं जाऊन इमारती आल्या तरी मुनियप्पा राहिला, मंडळानं त्याला फाटकावर राखणदार नेमलं. रोज दुपारी तीनला तो आमच्या मागच्या दाराशी यायचा आणि अक्का त्याला कॉफी द्यायची. व्रत लागल्यापासून तो तीनला येऊन नुसता बसायचा आणि साडेतीनला उठून जायचा. लिमयेंनी त्याला विचारलं, पाणी का येत नाही? तो म्हणाला, "वाट बंद आहे." कुठे बंद आहे? तो आकाशाकडे बघू लागला.

मग लिमयेंनी मोजणी खात्यातून गावाच्या जुन्या नकाशाची प्रत मिळवली. डोंगरउतारावरचं पाणी तळ्यात आणणारा ओढा, ज्याला इथे राजकालुवे म्हणतात, त्यात दुहेरी रेघेनं दाखवलेला होता. सगळी अक्षरं कन्नड, तीही हातानं लिहिलेली. लिमयेंना एक अक्षर लागेना, म्हणून नकाशा माझ्या ताब्यात आला: आकडे वाचून आजच्या गल्ल्यांशी जुळवून ठेव, दोन आठवड्यांनी रविवारी सगळे मिळून कालुवे चालत जाऊ आणि बघू कुणी अडवलंय. अण्णा भलतेच पेटले. "पाण्याची वाट खाणारा कोण तो बघतोच," म्हणत त्यांनी इस्त्रीचा सदरासुद्धा काढून ठेवला.

मी दुपारी झेरॉक्सच्या दुकानात काचेवर नकाशा पसरून आकडे लावत बसले. आमचा सर्व्हे नंबर मला तोंडपाठ होता, कारण अण्णा कुठल्याही भांडणात तो सांगत. दुहेरी रेघ वरून आली, अश्वत्थकट्ट्याला, म्हणजे चौकातल्या पिंपळाच्या पाराला, वळली, आमच्या गल्लीत शिरली आणि आमच्या नंबराच्या मागच्या कोपऱ्यातून आरपार तळ्याकडे गेली. मी कागद फिरवून पाहिला, उलटा धरून पाहिला. मागच्या कोपऱ्यात दुसरं काहीच नव्हतं. अक्काची खोली होती.

ज्या बाईला वीस वर्षं लोक म्हणत होते की तू आलीस नि तळं आटलं, तिला मी जाऊन सांगायचं, की होय, तसंच झालं? दुकानदारानं विचारलं, किती कॉपी? मी म्हटलं एकही नको, आणि नकाशा घडी करून दप्तरात घातला. पंधरा दिवस मी गप्प बसले. त्या दिवसांत पुजाऱ्यानं अक्काला सुचवलंसुद्धा की दोन नारळ फोडू, देवी ऐकेल, व्रत सुटेल. अक्कानं त्याला असं काही बघितलं की तो प्रसाद द्यायचा विसरला.

रविवारी वीस-पंचवीस माणसं निघाली. पुढे अण्णा, मग नकाशा धरलेली मी, मग लिमये, आणि शेवटी अनवाणी मुनियप्पा. अश्वत्थकट्ट्यापर्यंत मी खरं खरं नेलं. तिथे आमची गल्ली उजवीकडे, आणि मी म्हटलं डावीकडे. डावीकडे एक बेकरी होती, तिच्यासमोर सिमेंटचा उतार. "इथंच!" मी म्हटलं. अण्णांनी बेकरीवाल्याला बाहेर बोलावून कन्नडमध्ये असं झाडलं की काय विचारता. पाणी म्हणजे काय, पूर्वज म्हणजे काय, खारी बनच्या लोभानं माणूस कुठवर जातो. बिचारा म्हणाला, साहेब, हा चढ आहे. पाणी चढावर येईल काय? सगळे माझ्याकडे वळले. मी नकाशात तोंड खुपसलं. बेकरीवाल्याला मी पुढे कितीतरी वर्षं नमस्कार करत होते, तो का ते त्याला कधी कळलं नाही.

मुनियप्पा पुढे आला. नकाशाकडे त्यानं पाहिलंही नाही. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता, कुठल्याशा इमारतीला पाणी घालायला आलेला. मुनियप्पा त्याच्या ड्रायव्हरशी दोन शब्द बोलला आणि नळी रस्त्यावर सोडून तोटी उघडली. "कागदाला काय विचारता," तो म्हणाला, "त्यालाच विचारा."

पाणी स्वल्प इकडे तिकडे करून सरळ उजव्या गल्लीत वळलं. आणि माणसं त्याच्या मागे. पाण्याच्या मागून चालणारी अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. अण्णा सर्वांत पुढे, पावलं मागे टाकत, पाण्याला हात करत, "ये, ये, बघा कुठं जातंय ते, आज चोर सापडतो!" लोक गच्च्यांवर आले. पाणी पहिलं घर सोडून गेलं, दुसरं सोडून गेलं. लिमयेंचं लक्ष आमच्या फाटकाकडे गेलं आणि ते थबकले. अण्णा पाठमोरे चालत होते, त्यांना दिसलं नाही. त्यांची पाठ आमच्याच फाटकावर आपटली. पाणी त्यांच्या चपलांमधून, फाटकाखालून आत गेलं, तुळशीला वळसा घालून मागच्या अंगणात शिरलं आणि अक्काच्या खोलीच्या भिंतीशी जाऊन साठू लागलं.

अक्का दारात उभी होती, हातात झाडू. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग अंगणात जमलेल्या हिरव्या टी-शर्टांकडे. "काय रे हे? माझ्या दाराशी का आणलंत?"

शेवटी मुनियप्पा कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, ते तुमच्या दाराशी आलेलं नाही. तुम्ही त्याच्या दाराशी बसलाय."

"तुला ठाऊक होतं?"

"वीस वर्सं तुमच्या हातची कॉफी प्यायलो," तो मान खाली घालून म्हणाला. "कुठल्या तोंडानं सांगू?"

लिमयेंनी माझ्या हातातून नकाशा घेतला आणि गुंडाळून टाकला. "जुना मॅप आहे, एरर असू शकते," ते म्हणाले. "आपण पाइपचं बघू. खोलीखालून पाइप..." मुनियप्पानं मान हलवली: पाइप पहिल्या पावसात तुंबणार. त्या माणसाविषयी माझं मत त्या दिवशी बदललं, लिमयेंविषयी म्हणते. पुण्याचा असूनही त्याला बरोबर असण्यापेक्षा एका बाईची खोली मोठी वाटली.

अक्का हळूहळू समजत गेली, आणि मग ती हसू लागली. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, मग उंबऱ्यावर बसून. "म्हणजे खरंच म्हणत होत्या की रे त्या! मी आले नि तळं आटलं!"

"तू नव्हे," अण्णा म्हणाले. "मी. तिथं ओढाच होता. पावसात तेवढं पाणी यायचं. मी म्हटलं आपल्याच अंगणातली मोरी, भरून टाकू. खोली कुठंतरी बांधायची होती की. मला दुसरं काय सुचलं नाही." मग माणसांकडे वळून ते ओरडले, "जावा सगळे! तळं राहू दे सुकं. माझ्या बहिणीला उठवून मला कोडी नको!"

मी तेव्हा रडायला लागले आणि रडता रडता सांगून टाकलं की मला पंधरा दिवस माहीत होतं. अक्काचं हसू थांबलं. "पंधरा दिवस?" ती म्हणाली. "पद्मी, पंधरा दिवस तुला ठाऊक होतं, आणि मी इथं बिनकॉफीची तडफडतेय?" तिनं झाडू उगारला. मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नाही. मग तिनं तो झाडू भिंतीला टेकवला आणि अण्णांना म्हणाली, "तू मला जागा दिलीस. कुणाची होती ते तू विचारलं नाहीस, मी पण विचारलं नाही. आता कळलं, सरी. पाडा."

अण्णा आठ दिवस तिच्याशी भांडले. तिनं ट्रंक भरली. मला दहावी पास झाल्याबद्दल नुकती मिळालेली वरची खोली होती; तीत सोळा वर्षांच्या मुलीच्या भिंतीवर जे जे असतं ते सगळं होतं. एका संध्याकाळी अक्का त्या दारात ट्रंक घेऊन उभी राहिली. सगळ्या घरात, सगळ्या गल्लीत कधी दार न वाजवता शिरणारी बाई ती. तिनं दार वाजवलं आणि म्हणाली, "येऊ काय गे?" मी ट्रंकेचं एक टोक धरलं.

खोली पाडली ती लिमयेंच्या संगणकवाल्यांनी. दोन रविवार त्यांनी घणाचे घाव घातले, त्यात एका घणाचा दांडा मोडला आणि एकाचा अंगठा सुजला, भिंतीला मात्र फारसं काही झालं नाही. मग गवंडी आला आणि त्यानं दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं. अण्णा तेवढा वेळ गाडीत काचा वर करून बसले होते, या वेळी कॉफीशिवाय. लाल जमीन फुटताना मी पाहिली. तिच्याखाली राडारोडा, आणि त्याच्याखाली जुने दगड, दोन्ही बाजूंनी नीट लावलेले. मुनियप्पा खाली उतरला, त्या दगडांवर हात फिरवला आणि म्हणाला, "माझ्या आजानं लावलेले."

त्यानंतर दसऱ्याचे पाऊस आले. पाणी अंगणातून असं धो धो जायचं की आईला कपडे वाळत घालायला फळीवरून पलीकडे जावं लागे. इकडे माझ्या खोलीत अक्का घोरायची, पहाटे साडेचारला दिवा लावायची, माझ्या भिंतीवरच्या नटाला "हा कोण, याला खायला घालत नाहीत काय" म्हणायची. मी रोज आईकडे तक्रार करत होते. आणि रोज सकाळी आम्ही दोघी खिडकीतून तळं किती चढलं ते बघत होतो.

दिवाळीच्या आधी चार दिवस कोडी पडली. मुनियप्पा गल्लीतून ओरडत आला. सगळे धावले. दगडावरून पाणी सांडत होतं, फार मोठं नाही, चादरीएवढं, पण आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. बायकांनी बागिनं सोडली. लिमयेंनी बांगड्या काचेच्या नकोत, सुताच्या घाला असं पत्रक काढलं होतं, ते कुणी मानलं नाही. लिमये स्वतः खाली कालव्यात पँट दुमडून उभे होते आणि वाहून आलेलं प्रत्येक सूप नमस्कार करून बाहेर काढत होते. अक्कानं आपलं बागिन सोडलं आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. सरळ पाण्याकडे. ज्या बायका ते वाक्य म्हणायच्या त्यांतल्या दोघी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तिला कुंकू लावलं. तिनंही त्यांना लावलं, स्वल्प जास्तच, नाकापर्यंत.

आईनं फ्लास्कमधून आणलेली कॉफी डबऱ्यात ओतली. शंभर माणसं बघत होती. अक्कानं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "चिक्कोरी घातलीस." आई म्हणाली, "स्वल्प." तरी तिनं डबरा थेंबही न ठेवता संपवला आणि पुढे केला, आणखी घाल म्हणून.

परत येताना बांधावर अण्णांनी तिला गाठलं. ते बरेच दिवस मनात काही घोळवत होते. "अक्का," ते म्हणाले, "गच्चीवर जागा आहे. पाण्याची नाही, कुणाची नाही, मी नकाशा बघून घेतला. संक्रांतीपर्यंत खोली बांधतो. तुझी तुला."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. महिनाभर मी त्यासाठीच तर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. मी तोंड उघडलं ते "उद्याच बांधा" म्हणायला.

"गच्चीवर फार तापतं, अण्णा," मी म्हणाले.